चार मोठं की अठ्ठ्याण्णव?

मी पंचवीस वर्षं लॅपटॉपच्या धंद्यात काढली असं कळलं, की आमच्या मंडळातल्या बायका लगेच पर्समधून मोबाइल काढून माझ्या हातात देतात. "बघ ना गं शैला, फोटो कुठे गेले?" मला मोबाइलमधलं फारसं कळत नाही. मी ज्या यंत्रांवर वाढले ती साडेतीन किलोची होती. मांडीवर घेतली तर मांडी भाजायची. आणि ती विकत घ्यायला माणूस एकटा कधी येत नसे. भाऊ, मेहुणा, भागीदार, आणि एकदा तर ज्योतिषी बरोबर आलेला मी पाहिला आहे.

यजमानांना बंगळूरला विमानांच्या संशोधनात नोकरी लागली, म्हणून आम्ही नागपूरहून इकडे आलो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी इंदिरानगरमधल्या एका दुकानात सर्व्हिस इंजिनियर होते. जिना चढून वर आलं की डावीकडे मालकांचं, म्हणजे रंगनाथ सरांचं केबिन आणि उजवीकडे माझं टेबल. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, "इंजिनियर कधी येतील?"

"आलेत."

"कुठायत?"

"तुमच्यासमोर."

काही जण "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत बसायचे. काही जण तरीही रंगनाथ सरांच्या केबिनकडे मान वळवून पाहत राहायचे.

माझं मुख्य काम होतं 'विंडोज टाकणं'. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर, नुसता लॅपटॉप म्हणजे बिनकामाचा डबा. कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटावं, फाईल जिथे ठेवली तिथेच सापडावी, छपाईयंत्राला आवाज दिला तर त्याने ओ द्यावी, हे सगळं घडवून आणणारी एक व्यवस्था आत घालावी लागते. तेव्हा महागड्या लॅपटॉपसाठी दोन पर्याय असायचे. एक विंडोज अठ्ठ्याण्णव. स्वभावाने गावभर ओळखी असलेल्या माणसासारखी. कुठलंही नवं यंत्र जोडा, "या या, बसा" म्हणणार. पण कामाच्या गर्दीत अचानक मान टाकणार. दुसरी एनटी, पूर्ण नाव एनटी चार. ही बँकेतल्या हेडक्लार्कसारखी. ओळखपत्राशिवाय कोणाला आत घेणार नाही, पण दिवसभर खुर्ची सोडणार नाही. मोठमोठी ड्रॉइंगची सॉफ्टवेअर तिच्यावरच धड चालत. मात्र ती मुळात टेबलावरच्या कंप्युटरसाठी जन्मलेली. लॅपटॉपला बॅटरी असते हे तिच्या गावीच नसायचं.

कुठली टाकायची हे ठरवणं म्हणजे स्थळ जुळवण्यासारखं होतं, आणि मला त्यात भलताच आत्मविश्वास होता.

अर्थात सगळ्यांना ती निवड करायचीच नसे. चिकपेटमधल्या एका साडीवाल्या शेटजींनी आमच्याकडचा सगळ्यात महागडा लॅपटॉप घेतला आणि म्हणाले, "आत काही टाकू नका. नवा राहू दे." मी समजावलं, काही टाकल्याशिवाय चालणार नाही. ते म्हणाले, "चालवायचाय कोणाला?" आयुधपूजेला त्यांनी तो गल्ल्याशेजारी मांडला, हळदकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. फ्लॉपीच्या फटीतून कुंकू आत गेलं होतं. मी ब्रशने ते काढत होते आणि शेटजी हात जोडून उभे होते. यंत्राला की मला, ते अजून कळलेलं नाही.

पण सांगायची गोष्ट आहे ती दत्तूअण्णांची.

दत्तूअण्णांचं घराणं तीन पिढ्यांपासून बंगळूरला. मराठी घरात बोलायचं, पण त्यात अर्धं कानडी मिसळलेलं. शहराबाहेर पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा कारखाना होता. उदबत्त्या मोजून डब्यात भरणारी यंत्रं ते बनवत. साठीचे, जाडजूड, शर्टाच्या खिशात कायम स्टीलची पट्टी. ते एकदा सुनेला घेऊन दुकानात आले. सून वैदेही पुण्याची, मेकॅनिकल इंजिनियर. तिकडची नोकरी सोडून सासऱ्यांच्या कारखान्यात आली होती.

"अक्का, सगळ्यात भारी कुठला?" अण्णांनी विचारलं.

मी दाखवला. किंमत सांगितली. त्या पैशांत तेव्हा चार-पाच नव्या स्कूटर आल्या असत्या. अण्णांनी खिशातली पट्टी काढून लॅपटॉपची जाडी मोजली आणि मान डोलावली.

वैदेही म्हणाली, "मॅडम, ॲक्चुअली मला थ्री-डी ड्रॉइंग करायचंय. मशिनचा प्रत्येक पार्ट फिरताना दाखवायचाय. आमचं सॉफ्टवेअर फक्त एनटीवर चालतं."

"मग प्रश्नच नाही," मी म्हटलं. "एनटी चार टाकते."

"थांबा, थांबा," अण्णा म्हणाले. "चार? आणि दुसरं कुठलं आहे म्हणालात?"

"अठ्ठ्याण्णव."

"मग चार का? एवढे पैसे घालून चार नंबरचं घ्यायचं? आमच्या शेजारच्या शेडमधल्या गौडाकडे अठ्ठ्याण्णव आहे. त्याचा लॅपटॉप आमच्याहून स्वस्त."

मी समजावलं की हे दोन वेगळ्या घराण्यांचे आकडे आहेत, एकमेकांशी तुलना नाही. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण मोठं कुठलं? चार की अठ्ठ्याण्णव?"

"आकडा म्हणून अठ्ठ्याण्णव."

"आय्तु, झालं तर. तेच टाका."

वैदेही माझ्याकडे बघायला लागली. तिची अडचण मला नंतर कळली. म्हैसूरच्या एका मोठ्या उदबत्ती कारखान्याच्या मालकीणबाई नवं यंत्र बघायला यायच्या होत्या. सहा यंत्रांची मागणी होती. आजवर अण्णा सुताराकडून लाकडी नमुना करून घ्यायचे आणि गिऱ्हाइकापुढे ठेवायचे. या खेपेला वैदेहीने हट्ट धरला होता, की यंत्र पडद्यावर फिरवून दाखवायचं. अण्णांनी कबूल केलं, पण अटीवर. "चित्र चाललं तर डिझाइनचं सगळं तुझ्याकडे. नाही चाललं तर पूर्वीसारखं, बोर्डावर कागद लावायचा." म्हणजे पुण्याची चांगली नोकरी सोडून आलेली मुलगी त्या एका सकाळवर सगळं लावून बसली होती.

मी मधला मार्ग काढला. दोन्ही टाकल्या. डिस्कचे दोन भाग केले. पहिल्यावर अठ्ठ्याण्णव, दुसऱ्यावर एनटी आणि वैदेहीची ड्रॉइंग. लॅपटॉप सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या. हवी ती निवडायची. अर्ध्या मिनिटात काही निवडलं नाही, तर वरची आपोआप सुरू. वर मी एनटी ठेवली. स्वतःवर खूश होऊन मी रंगनाथ सरांना सांगितलं, "दोघंही समाधानी."

रंगनाथ सर म्हणाले, "शैला, एका घरात दोन चुली मांडून कोण समाधानी झालंय?"

चार दिवसांनी अण्णा एकटेच लॅपटॉप घेऊन आले. इकडेतिकडे पाहिलं. "अक्का, ते अठ्ठ्याण्णव वर घ्या. मालकानं काय खालच्या ओळीवर जायचं? आणि सुनेला सांगू नका."

मी ओळी बदलल्या. दोन दिवसांनी वैदेहीचा फोन. "मॅडम, एनटी खाली कशी गेली? मी चहा घेऊन येईपर्यंत भलतंच सुरू होतं. ती परत वर कशी घ्यायची, सांगाल? आणि अण्णांना कळू देऊ नका, प्लीज."

मी फोनवर सांगितलं. पुढच्या आठवड्यात अण्णा पुन्हा हजर. "अक्का, ह्ये आपोआप वरखाली होतंय का?" मी म्हटलं, होतं कधी कधी. खोटं बोलले. असं तीनदा झालं. मला मजा वाटत होती हे कबूल करते. घरी जेवताना यजमानांना सांगून आम्ही पोट धरून हसायचो.

म्हैसूरच्या बाई ज्या दिवशी अकराला यायच्या होत्या, त्या दिवशी सकाळी नऊला, मी दुकानात पाऊल टाकते तोच फोन वाजला. वैदेही होती.

"मॅडम, त्या दोन ओळी येतच नाहीयेत. सरळ अठ्ठ्याण्णव सुरू होतंय. आणि माझी ड्रॉइंग गायब आहेत. डी ड्राइव्हच नाहीये!"

"काल काही केलंत का?"

"मी नाही." मग पलीकडे फोनवर हात ठेवून बोलल्याचा आवाज. ती परत आली. "अण्णा म्हणतायत, काल त्यांनी कुठेतरी 'यस' म्हटलं."

"कुठे?"

"जागा वाढवून देतो, असं काहीतरी लिहिलेलं होतं म्हणे."

अठ्ठ्याण्णवमध्ये तशी सोय होती. डिस्कवरची मांडणी नव्या पद्धतीने करून थोडी जागा मोकळी करायची. पण ती नवी मांडणी एनटीला वाचताच येत नसे. आपल्यापुढे कोणी मोडीतलं दप्तर टाकावं तसं. एनटीची सुरुवात डिस्कच्या पहिल्या भागातून व्हायची, आणि तोच आता तिला वाचता येत नव्हता. त्यामुळे दोन्ही टाकलेल्या असतील तर तिथे हात लावायचा नाही, हा पहिला नियम. हा नियम मी वैदेहीला नीट सांगितला होता. अण्णांना नव्हता सांगितला. ते एवढ्या खोलात कशाला जातील, त्यांना काय कळणार, असं मी धरून चालले होते. इतकी वर्षं लोक माझ्याबद्दल जे धरून चालायचे, तेच मी त्यांच्याबद्दल केलं.

"ड्रॉइंग आहेत," मी म्हटलं. "डिस्कच्या दुसऱ्या भागाला काही झालेलं नाही. अठ्ठ्याण्णवला तो दिसत नाही एवढंच. एनटी जागी झाली की सगळं दिसेल. कशालाही हात लावू नका. मी निघाले."

एनटीला डिस्कच्या पहिल्या भागाकडे न जाता फ्लॉपीवरून उठवता येतं. दुकानातल्या कंप्युटरवर मी तशी फ्लॉपी बनवली. एक नाही, तीन बनवल्या. फ्लॉपीवर विश्वास ठेवणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. खाली येऊन ऑटोत बसले आणि पाठीमागे बघते तो काय, माझ्या डोक्यामागे ताटाएवढे दोन स्पीकर. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, आणि चुंबक म्हणजे फ्लॉपीचा काळ. दुसरी ऑटो शोधायला वेळ नव्हता. मी पुढे वाकून, हात लांब करून, फ्लॉप्यांची पिशवी ड्रायव्हरच्या कानापाशी धरून बसले.

बराच वेळ त्याने आरशातून पाहिलं. मग कानडीत विचारलं, "अक्का, पिशवीत काय आहे?"

"औषध."

"आजारी कोण?"

"कंप्युटर."

त्याने गाणं बंद केलं. यशवंतपूरच्या अलीकडे लॉऱ्यांची रांग लागली होती. तिथे त्याने डोकं बाहेर काढून "बाजूला व्हा, आजारी आहे!" असा ओरडा केला आणि खरंच वाट मिळवली. उतरताना माझा हात खांद्यापासून बधिर झाला होता.

म्हैसूरच्या बाई वेळेआधीच आल्या होत्या. सत्तरीच्या, पांढरी सुती साडी, बरोबर भाचा. अण्णा त्यांना शेडमध्ये खाराभात खाऊ घालत वेळ काढत होते. मला पाहिल्यावर त्यांनी नजर खाली घातली. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा तसा झालेला मला बघवेना.

केबिनमध्ये वैदेही लॅपटॉपसमोर हाताची घडी घालून बसली होती. मी पहिली फ्लॉपी घातली. घरघर, घरघर, आणि 'वाचता येत नाही'. ऑटोतल्या स्पीकरने प्रसाद घेतला होता. दुसरी घातली. घरघर. मग निळा पडदा आला, आणि एनटीने नेहमीच्या सावकाश चालीने डोळे उघडले. वैदेहीने डी ड्राइव्ह उघडला. ड्रॉइंग होती. एकूण एक. ती खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "मॅडम, मला रडायचंय, पण वेळ नाहीये."

बाई आत आल्या. पडद्यावर यंत्र फिरू लागलं, उदबत्त्या खाचांमध्ये ओळीने उतरू लागल्या. बाई चष्मा लावून पुढे वाकल्या. आणि तेवढ्यात दिवे गेले. पीण्यात दिवे जाणं म्हणजे काही बातमी नव्हे. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला. पण बॅटरी किती उरली आहे हे एनटी सांगत नाही. मी वैदेहीच्या कानात विचारलं, "रात्री चार्ज केलेला ना?"

"फुल केलेला. पण सकाळी अण्णांच्या टेबलावर सापडला. आणि तुम्ही हात लावू नका म्हणालात, म्हणून चार्जर आत्ताच लावला."

म्हणजे एक तास उरला होता की एक मिनिट, देवाला माहीत.

त्या मुलीने दोन सेकंद विचार केला. कंपनीची माहिती, तक्ते, सगळं सोडून दिलं आणि सरळ म्हणाली, "बाई, तुमची अडचण एकच आहे ना? काडी तुटते?"

भाच्याने कानडीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "हो. तुटलेली काडी देवापुढे कोण लावेल?"

"ती इथे तुटते." वैदेहीने वळणाचा भाग मोठा करून दाखवला. "जुन्या मशिनमध्ये पट्टा काडीला दाबून वळवतो. आम्ही दाबतच नाही. ही खाच काडीला नुसती आधार देते, आणि मग..."

पडदा काळा झाला.

मी डोळे मिटले. केबिनमध्ये अंधार, पंखा बंद, बाहेर शेडमध्येही यंत्रं थांबलेली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा उठून कपाटाकडे गेले होते. त्यांनी एक लाकडी नमुना आणून टेबलावर खिडकीच्या उजेडात ठेवला. वैदेहीच्याच ड्रॉइंगवरून त्यांनी तो सुताराकडून गुपचूप करून घेतला होता, वेळ पडली तर असावा म्हणून.

"पुढं बोल की," ते सुनेला म्हणाले. "मी फिरवतो."

अण्णांनी हँडल फिरवलं. वैदेही बोलत गेली. बाईंनी हात पुढे करून स्वतः एक उदबत्ती खाचेत ठेवली, ती सावकाश वळली आणि पलीकडे सबंध पडली. बाईंनी तसं पाच-सहा वेळा केलं. मग भाच्याला म्हणाल्या, "तिथे पाहिलं, इथे हात लावला. आता कळलं."

सहा यंत्रांची मागणी लगेच आली नाही. आधी एक बनवा, वर्षभर चालवून बघू, असं ठरलं. पण जाताना बाईंनी अण्णांना विचारलं, "हे डोकं कोणाचं?" अण्णांनी सुनेकडे बोट केलं. डिझाइनचं सगळं वैदेहीकडे गेलं, आणि लाकडी नमुनाही राहिला.

पाहुणे गेल्यावर दिवे आले आणि मी त्याच फ्लॉपीने एनटी पुन्हा उठवली. मी अण्णांना म्हटलं, "चूक माझी आहे. ते बटण दाबायचं नाही, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

अण्णा पट्टीने टेबलाची कड मोजल्यासारखं करत म्हणाले, "जागा वाढते असं लिहिलं होतं अक्का. हिची चित्रं एवढी मोठी मोठी. म्हटलं, सुनेला स्वल्प जागा होईल."

वैदेही दारात उभी होती. तिला ऐकू गेलं. ती आत आली, सासऱ्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "अण्णा, विचारायचं ना मला."

"विचारलं असतं तर तू बेडा, नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

मी सामान आवरलं. आता एकच व्यवस्था ठेवायची हे सगळ्यांनाच पटलं होतं, आणि ती एनटीच असणार हेही. तरी त्या माणसाने एवढे दिवस ज्याच्यासाठी खेटे घातले, ते काढून टाकताना मला वाईट वाटत होतं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या भेटींत एक प्रश्न मी त्यांना कधी विचारलाच नव्हता.

"अण्णा, खरं सांगा. अठ्ठ्याण्णव तुम्हाला कशासाठी हवं होतं?"

अण्णांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा दाराबाहेरच्या कामगारांकडे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पत्ते. एकट्यानं लावायचे असतात ते. गौडानं दाखवले. आज पहाटे उठून दोन डाव लावले. जीव थाऱ्यावर नव्हता म्हणून."

बॅटरी कुठे गेली ते मला तेव्हा कळलं. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, एनटीच्या यादीत खाली गेले आणि टिचकी मारली. हिरव्या पडद्यावर पत्त्यांच्या सात ओळी पसरल्या.

अण्णांनी आधी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अक्का," ते म्हणाले, "ह्ये पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"